आठ गोळ्यांतली एक

माणूस गेल्यावर त्याच्या शरीरात सगळ्यात आधी खराब होणाऱ्या अवयवांत स्वादुपिंड येतं. अन्न पचवायचे रस तिथंच तयार होतात आणि जीव गेला की ते रस त्या अवयवालाच पचवायला लागतात. थंडीच्या दिवसांत थोडाफार वेळ हाताशी असतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तोही नसतो. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. इथल्या एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात सव्वीस वर्षं टेक्निशियनचं काम केल्यावर अशा गोष्टी हातालाच कळायला लागतात.

माझं काम तसं सांगायला सोपं आहे. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवायचा, मग मेणात बसवायचा. त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काप कोमट पाण्यावर सोडायचे आणि काचेच्या स्लाइडवर अलगद उचलून रंगवायचे. पुढचं डॉक्टर बघतात. रिपोर्ट ते लिहितात, सही त्यांची असते. मी दिवसभर उभा असतो. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि घरी गेल्यावरही हाताचा वास जात नाही.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एमडी करायला एक मॅडम आल्या. कुर्डुवाडीच्या, वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला. मला काका म्हणायच्या. त्यांना प्रबंधासाठी विषय मिळाला होता: हार्मोन तोडणारं एक एन्झाइम माणसाच्या स्वादुपिंडात नेमकं कुठल्या पेशींत असतं आणि मधुमेह झालेल्यांत ते वेगळं दिसतं का. पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात, पण आमच्या लॅबमध्ये तो शब्द कोणी वापरत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. आपण जेवलो की आतड्यातून एक हार्मोन निघतं. ते स्वादुपिंडाला सांगतं, की साखर येतेय, इन्सुलिन सोड. पण हे एन्झाइम त्या हार्मोनला दोन-तीन मिनिटांत कातरून टाकतं. ते कातरणं थांबवायची गोळी निघाली आहे, आता सगळीकडे मिळते. मॅडमनी गोळीचं नाव सांगितलं आणि मी मान हलवली. ती गोळी रोज सकाळी माझ्याच हातानं डबीतून निघत होती. माझ्या बायकोला त्या वेळी साखर होऊन एकोणीस वर्षं झाली होती. मी मॅडमना हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलं नाही, आणि घरचं दुखणं लॅबमध्ये नेलं की ते दोन्हीकडे पुरतं.

आम्ही भवानी पेठेत दोन खोल्यांत राहतो. घरात तेलुगू बोलतो. माझे वडील मागावर होते, बायकोनं लग्नाच्या आधीपासून विड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसायची, त्यामुळं पाय बधिर झाले तेव्हा आम्हाला दोघांनाही वाटलं की बसून बसून झालेत. ते साखरेनं झाले होते. मग विड्या सुटल्या आणि औषधं सुरू झाली. हळूहळू आठ गोळ्या आणि दोन वेळची इंजेक्शनं झाली. साखरेच्या तीन, बीपीच्या दोन, एक चरबीची, एक नसांची, एक या सगळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून.

एकोणीस वर्षांत आजाराची भीती निघून जाते. उरतो तो नुसता कंटाळा. भाकरी अर्धी की पाऊण, शेंगाचटणीवर तेल घ्यायचं की नाही, लग्नात गेलं तर पंगतीत बसायचं की बाहेर थांबायचं, यावर दोन माणसांनी किती बोलावं? रोज संध्याकाळी मी तिच्या तळपायाखाली आरसा धरून कुठं जखम आहे का बघायचो, कारण तिला खुपलेलं कळत नव्हतं. कधीकधी आरसा हातात धरून मला पेंग यायची.

मॅडमचं काम सुरू झालं. परवानगी देणाऱ्या समितीनं मराठीतला संमतीचा फॉर्म मंजूर केला होता. ऑपरेशनमधून निघालेले काही तुकडे मिळाले, काही मृत्यूनंतरच्या तपासणीतून. पहिले बरेच वाया गेले. नातेवाईक गोळा होईपर्यंत, सही होईपर्यंत उशीर व्हायचा. स्लाइड रंगवली की सगळीकडे सारखा तपकिरी डाग, जणू चहा सांडलाय. मी पुन्हा रंगवायचो. कुकरमध्ये स्लाइड उकळायच्या, मग गार करायच्या, त्या एन्झाइमला जाऊन चिकटणाऱ्या अँटीबॉडीचा थेंब टाकून झाकून ठेवायच्या, धुवायच्या, पुन्हा थेंब. हे दोन दिवसांचं काम. शेजारी मूत्रपिंडाची एक स्लाइड ठेवायची, कारण तिथं हे एन्झाइम भरपूर असतं. ती तपकिरी झाली म्हणजे रंग बरोबर लागलाय. मूत्रपिंड दर वेळी बरोबर यायचं आणि स्वादुपिंड दर वेळी फसायचं. मॅडम फसलेल्या स्लाइडवर तारीख घालून ती बाजूला ठेवायच्या. मी पुढच्या स्लाइड कुकरमध्ये लावायचो.

मग मेमध्ये एके दिवशी सकाळी वॉर्डात एक माणूस हृदयविकारानं गेला. सांगोल्याकडचा, मेंढ्या राखणारा, पन्नाशीचा, बरीच वर्षं साखर असलेला. त्याची बायको आणि धाकटा भाऊ सोबत होते. मॅडम फॉर्म घेऊन त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. मी मागं बरणी घेऊन उभा. अशा वेळी नजर कुठं ठेवावी मला अजून कळत नाही. मॅडम संमती, संशोधन, नमुना असं म्हणत होत्या आणि ती बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मॅडम मागं वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगता का?"

मी बरणी खाली ठेवली. सांगितलं, की पोटातला एक लहानसा तुकडा अभ्यासासाठी हवा आहे. साखरेचा आजार तिथं कसा होतो ते बघायचंय. नाही म्हणालात तरी कोणी काही म्हणणार नाही, कागदपत्रं तशीच मिळतील.

"कुटला भाग?" तिनं विचारलं.

"जठराच्या मागं असतो. लांबट, पिवळसर."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मेंढरू कापलं की दिसतोय की." मग तिनं नवऱ्याच्या पलंगाकडे बघितलं. "माज्या मालकाची साखर तितंच बिघडली व्हती का?"

मी म्हणालो, बहुतेक तिथंच.

"मंग घ्या. पर काय गावलं ते मला सांगशीला का, दादा?"

मी सांगीन म्हणालो. तसं म्हणायचा मला अधिकार नव्हता. नमुन्यांना नंबर असतात, नावं नसतात, आणि कुणाच्या तुकड्यात काय दिसलं हे नातेवाइकांना सांगायची पद्धत नाही. पण मृत माणसाच्या पायाशी उभं राहून हे सगळं कसं बोलायचं? तिनं अंगठा उठवला, दिरानं सही केली. तासाभरात तुकडा फॉर्मालिनमध्ये पडला.

तो ठोकळा चांगला निघाला. काप फाटले नाहीत. एकाच जागेचे लागोपाठ तीन काप घेतले. एकावर इन्सुलिनचा रंग, दुसऱ्यावर साखर वाढवणाऱ्या हार्मोनचा, तिसऱ्यावर त्या एन्झाइमचा. स्वादुपिंडात या हार्मोनच्या पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात, त्यांना बेटं म्हणतात. मी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवल्या आणि मॅडमना हाक मारली. त्यांनी एक बघितली, दुसरी बघितली, परत पहिली लावली. मग उठून मला बसायला सांगितलं.

आमचा अंदाज होता की एन्झाइम इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत असेल. तसं नव्हतं. त्या पेशी बहुतेक स्वच्छ निळ्या, म्हणजे एन्झाइम नसलेल्या होत्या. तपकिरी रंग होता तो दुसऱ्या पेशींत, जिथं साखर वाढवणारं हार्मोन बनतं तिथं. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेला थोडा. नंतरच्या महिन्यांत अजून ठोकळे मिळाले, साखर असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे. साखर असलेल्यांच्या बेटांत तपकिरी रंग फिका आणि कमी पेशींत दिसला. म्हणजे जे एन्झाइम आपण गोळीनं दाबतो ते या माणसांच्या बेटांत वाढलेलं नव्हतं, उलट कमीच होतं. मॅडम खुश झाल्या. प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्या त्यांच्या सरांनी मात्र स्लाइड बघून सांगितलं, की कमी असतं असं लिहू नका, आमच्या मोजक्या नमुन्यांत कमी दिसलं असं लिहा. मग आम्ही सगळं तिसऱ्यांदा रंगवलं.

जुलैतल्या एका रविवारी संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. इतक्या वर्षांत लॅबमधलं मी घरी फारसं बोललो नव्हतो, ऐकणाऱ्याला जेवण जाणार नाही म्हणून. पण हे तिच्याच गोळीबद्दल होतं. ती पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. तिनं नीट ऐकून घेतलं. विडीच्या कारखान्यात बायका एकमेकींचं दुःख ऐकतात तसं, मध्ये न बोलता.

"म्हणजे माझ्यातही ते आधीच कमी असेल?" तिनं विचारलं.

"असेल."

"मग ती गोळी कशाला?"

याचं उत्तर मला माहीत होतं. मॅडमनी सांगितलं होतं, की गोळी मुख्यतः आतड्यात आणि रक्तात काम करते, तिथं हे एन्झाइम भरपूर असतं. स्वादुपिंडातल्या बेटात ते काय करतं हे अजून कोणालाच पुरतं ठाऊक नाही. एवढं सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण आठवडाभर उभं राहून माझे पाय दुखत होते, सकाळी पाणी आलं नव्हतं म्हणून आंघोळ राहिली होती. मी म्हणालो, "ते डॉक्टरांना माहीत," आणि उठून मोरीत गेलो.

सप्टेंबरमध्ये तिची साखर अचानक चढली. आधी वाटलं सणावारात काही खाल्लं असेल. तसं मी बोलूनही दाखवलं आणि तिनं ऐकून घेतलं. त्याच आठवड्यात उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला काळा फोड दिसला. दुपारी गच्चीवर गादी उन्हात टाकायला ती अनवाणी गेली होती, आणि फरशी तापलेली आहे हे पायाला कळलंच नव्हतं. मला तो फोड दिसला तेव्हा चार-पाच दिवसांचा झाला होता. त्या दिवसांत मी आरसा धरला नव्हता. लॅबमध्ये दोन माणसं रजेवर होती आणि मी घरी आलो की झोपत होतो.

फोडाच्या गडबडीत तिची औषधं दवाखान्यात न्यायला म्हणून मी कपाट उघडलं. पूर्वी विडीचा दोरा ठेवायची त्या पत्र्याच्या डब्यात तीच गोळी निघाली, जवळजवळ दोन महिन्यांची. सकाळी माझ्या हातून घ्यायची आणि मी बाहेर पडलो की डब्यात टाकायची. तिनं लपवाछपवी केली नाही. विचारल्यावर सरळ सांगितलं.

"आठातली एक कमी केली. तेवढंच बरं वाटायचं."

"मला विचारायचं नाही का?"

"विचारलं होतं की," ती म्हणाली. "तुम्ही उठून गेलात."

ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. मी तिच्याशेजारी बसलो. 

बोट काढावं लागलं. सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, की एक गोळी सोडल्यानं बोट गेलं असं म्हणता येणार नाही. एकोणीस वर्षं साखर सोसलेल्या नसा आहेत, रक्तपुरवठा कमी आहे, चटका खोल होता. मी हो हो म्हणालो. त्यांचं खरं असेल. पण त्या गोळीशिवाय साखर चढली आणि चढलेल्या साखरेत जखम भरली नाही, एवढं मलाही कळतं. कुठल्या कारणाचा किती वाटा, ते मला काढता आलेलं नाही. मी आता काढतही नाही.

दुसऱ्या दिवशी ती बरणी आमच्याच लॅबमध्ये आली. काढलेला प्रत्येक अवयव तपासणीला येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या सकाळी मी वॉर्डातून थेट कामावर आलो होतो आणि टेबलावर इतर बरण्यांच्या ओळीत ती होती. चिठ्ठीवर तिचं नाव, वय, उजवा पाय. विभागातल्या माझ्याहून धाकट्या टेक्निशियन बाई म्हणाल्या, राहू द्या, मी करते. मी नको म्हणालो. हाड असलं की आधी ते आम्लात ठेवून मऊ करावं लागतं, त्याला काही दिवस जातात. मी नंबर घातला, वहीत नोंद केली, आम्ल बदलत राहिलो. नखावर मेंदीचा अर्धा चंद्र शिल्लक होता. कुणाच्या तरी लग्नातला असावा. काप मीच काढले. डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिला, मी तो घेऊन वॉर्डात गेलो. तिनं विचारलं, काय आलं? मी सांगितलं, कापलेली कड स्वच्छ आहे, सडणं वर चढलेलं नाही. तिनं डोळे मिटून घेतले.

ऑक्टोबरात ती सांगोल्याची बाई आली. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात काही दुरुस्ती हवी होती. तो कागद झाल्यावर विचारत विचारत ती आमच्या विभागापर्यंत पोचली. दारात उभी राहून म्हणाली, "दादा, तुमी सांगतो म्हनला व्हता."

मॅडम त्या दिवशी नव्हत्या. बायकोचं बोट जायच्या आधी ती आली असती, तर मी दोन वाक्यांत वाटेला लावली असती. त्या दिवशी मी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. एक स्लाइड मायक्रोस्कोपला लावली. कुणाची ते सांगितलं नाही, एवढा नियम पाळला. एक डोळा मिटून कसं बघायचं ते दाखवायला थोडा वेळ गेला. मग तिला दिसलं.

"हे तपकिरी ठिपकं म्हंजी रोग का?"

मी म्हणालो, नाही. ते प्रत्येकाच्यात असतं. ते कुठल्या पेशीत असतं हे आम्ही शोधत होतो. आम्हाला वाटलं होतं त्याहून वेगळ्या पेशीत सापडलं. साखर झालेल्यांत ते थोडं कमी दिसलं. का कमी, आणि कमी झाल्यानं काय होतं, ते आम्हाला माहीत नाही. तुमच्या मालकांनी दिलेल्या तुकड्यामुळं एवढं तरी दिसलं, कारण तो वेळेत मिळाला.

तिनं मायक्रोस्कोपवरून डोकं काढलं. "म्हंजी अजून न्हाय कळलं."

"थोडं कळलं. सगळं नाही."

"थोडं तर थोडं." पदरानं तिनं डोळा पुसला, काचेला लावून पाणी आलं होतं त्याला. मग म्हणाली, "शेवटची पाच-सा वरसं त्यो लई दमायचा. मेंढरांमागं चार पावलं गेला की बसायचा. मी आळशी म्हनायची त्येला. समद्यांच्यात म्हनायची. ते दमनं या रोगाचं व्हतं का?"

मी हो म्हणालो. खोटं बोलता आलं असतं, पण ती खरं ऐकायला एवढ्या लांबून आली होती.

तिनं उरलेलं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग सांगोल्याची एसटी किती वाजता आहे विचारलं आणि गेली. परत आली नाही, येण्याचं कारणही नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात तिचं तेच वाक्य होतं. मी बायकोला आळशी कधी म्हटलं नव्हतं. पण दुपारची भांडी तशीच दिसली की मी ती जरा आवाज करून घासायचो. तिला तो आवाज कळत असणारच.

बायकोला मी सगळं सांगितलं. गोळी कुठं काम करते, बेटात काय दिसलं, काय माहीत नाही. कागदावर मॅडमनी काढलेलं चित्र मला जमेल तसं काढलं. पुढच्या खेपेला तिच्या डॉक्टरांपुढं तिनं स्वतःच विषय काढला. त्यांनी गोळी चालू ठेवायला सांगितलं आणि का ते तिला समजावलं. पोटाची गोळी मात्र बंद केली, आता गरज नाही म्हणून. बाहेर आल्यावर ती रिक्षाची वाट बघत उभी होती, नवीन जाड तळाच्या चपला घातलेली, एका हातानं माझा खांदा धरून.

"यापुढं लॅबमधलं सांगितलंत तर पूर्ण सांगा," ती म्हणाली. "अर्धं नको."

मी बरं म्हणालो.

मॅडमचा प्रबंध मंजूर झाला. त्यातल्या रंगीत फोटोंत माझ्या हातच्या स्लाइड आहेत. जाताना त्यांनी मला पेढे दिले, आणि घरीही न्या बरं का, असंही म्हणाल्या. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं की घरी बायकोला साखर आहे.  त्या म्हणाल्या, "काका, हे आधी का नाही बोललात?" मी म्हणालो, काम चालू होतं ना.

मला निवृत्त व्हायला आता दोन वर्षं आहेत. ठोकळे कपाटात ओळीनं ठेवलेले आहेत, पुढं कोणाला काही बघावंसं वाटलं तर काप निघतील एवढं मेण शिल्लक आहे. बायकोचा पाय भरला आहे. चालताना ती थोडी डावीकडे झुकते. दुपारी बसून असली तर मी काही विचारत नाही. रविवारी तर मीही तिच्याशेजारी भिंतीला टेकून पाय पसरतो, आणि ऊन खाली उतरेपर्यंत आम्ही दोघंही उठत नाही.